छत्रीच्या टोकाचा पोचा

घागरे सर गेल्याचा फोन सौंसरहून आला, तेव्हा मी नागपूरला बँकेत एका कारखान्याची कर्जाची फाईल वाचत होतो. नवं यंत्र आज घ्यावं की भाव स्थिरावेपर्यंत थांबावं, हे तपासणं माझं काम. ते सरांनीच शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. आजची माझी भाकरी त्यांच्यामुळे आहे...

दरवर्षी सर अर्थशास्त्राच्या वर्गाला बसने पांढुर्ण्याला, आपल्या धाकट्या भावाच्या, बबनभाऊंच्या, कापसातून सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात नेत. कापसाच्या तेजीत बबनभाऊंनी गाठी बांधायचं मोठं प्रेस घेतलं होतं. पुढे भाव कोसळले आणि प्रेस बंद पडून राहिलं. सर त्याच्या पत्र्यावर छत्रीचं टोक ठोकत. "यंत्रात गेलेला पैसा सहज बाहेर येत नाही. थांबण्यालाही मोल असतं. हे न कळणारा माणूस कसा दिसतो, बघून घ्या." मुलं हसत. बबनभाऊ चहाचा ट्रे धरून तिथेच उभे असत. "दादा बराबर सांगून राहिला. घ्या, चहा घ्या," एवढंच म्हणत.

परतताना एकदा मी सरांना विचारलं, "तेव्हा कापूस चढत होता, यंत्रही महागत होतं. त्या दिवशी जे दिसत होतं, त्यावरून भाऊंचं काय चुकलं?"

"काहीच नाही. मीही घेतलं असतं."

"मग त्यांना सांगा ना, सर."

सर खिडकीबाहेर बघत होते. "सांगितलं तर पुढच्या वर्षी तो मान वर करून उभा राहील. धडा बिघडेल."

तेरवीनंतर मी पांढुर्ण्याला जाऊन हे बबनभाऊंना सांगितलं. 

"दवाखान्यात मी त्याले हेच पुसलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, दादा, आता तरी सांग, माह्यं काय चुकलं? तर म्हणे, अक्कल." मग म्हणाले, "मले सांगतलं तू, बरं केलं. पण त्या हासणाऱ्या पोराईले आता कोन सांगन?"

प्रेस विकायला काढलंय. भाऊंनी त्याला नवा रंग दिलाय, पण छत्रीच्या टोकाने पत्र्याला पडलेला पोचा रंगाखालूनही दिसतो. मी तिकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"घेणारा आला का पहिले तिथंच बोट ठेवते," ते म्हणाले, "अन् भाव पाडते."