विहिरीपलीकडचं गाणं

धनुर्वात झालेल्या माणसाला आवाज सोसत नाही. वाटी पडली, दार आपटलं, शेजारी कुणी खोकललं, तरी त्याचं सगळं अंग ताणून कमानीसारखं वर उचललं जातं आणि टाचा अन् डोकं एवढंच काय ते खाटेला टेकलेलं राहतं. शुद्ध मात्र जात नाही. माणूस सगळं सोसतो आणि सगळं जाणतो. हे मी कुठं वाचलेलं नाही. उमरग्याच्या मिशन दवाखान्यात, एका अंधाऱ्या खोलीत, खाटेशेजारी बसून पाहिलेलं आहे.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्यानंतरची ही गोष्ट. माझे यजमान जळकोटच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्या घरात पाटी-पेन्सिल हातात धरलेले तेच पहिले, बाकी सगळं घर शेतीचं. गाव त्यांना मास्तर म्हणे, मीही मनातल्या मनात मास्तरच म्हणायची. माझं माहेर तुळजापूरचं, वडील कचेरीत कारकून. आम्हाला मूलबाळ झालेलं नव्हतं. घरात मी, मास्तर आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

शाळेच्या छपराचे पत्रे बदलायचं काम निघालं होतं. मास्तर स्वतःच पत्रे उचलू लागले आणि गंजका खिळा त्यांच्या तळपायात शिरला. आत्याबाईंनी हळद-चुना भरून फडकं बांधलं. जखम सुकलीही. मग एका सकाळी भाकरी खाता खाता ते थांबले आणि म्हणाले, "तोंड उघडंना गं."

मला वाटलं, थट्टा करतायत. दिवस मावळेपर्यंत दातखीळ बसली. हैदराबादकडं निघालेल्या एका ट्रकवाल्यानं आम्हाला पोत्यांवर बसवून उमरग्याला आणून सोडलं.

डॉक्टर आपल्याकडचेच होते, ख्रिस्ती, कमी बोलणारे. त्यांनी सुई दिली, नाकातून नळी घातली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "बाई, औषध दिलंय. पण विष किती वर चढलंय ते मला सांगता येत नाही. अंधार आणि शांतता, एवढंच आता तुमच्या हातात आहे."

चादरी-गोधड्या ठेवायची एक कोपऱ्यातली खोली होती, ती आम्हाला रिकामी करून दिली. खिडकीवर घोंगडी ठोकली, दाराच्या बिजागऱ्यांत तेल सोडलं. मोठ्या सिस्टर म्हणून एक बाई होत्या, त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या बांगड्या उतरवून ठेवा."

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. त्या एकदम मधे आल्या. "नवरा जित्ता हाय तिचा!"

"आजी, त्यांच्या किणकिणीनंसुद्धा झटका येतो."

आत्याबाई माझ्या बांगड्यांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्या लुगड्याचा काठ दातांनी फाडला आणि त्या चिंधीनं माझे दोन्ही हात मनगटापासून वर गुंडाळून टाकले, इतके घट्ट की माझी बोटं बधिर झाली. मला म्हणाल्या, "आता वाजतंय का बघ." वाजत नव्हतं.

पहिला झटका पाहिल्यावर त्या पुन्हा त्या खोलीत आल्या नाहीत. "मला न्हाय बघवत, पोरी. म्या भाईर बसते. कुणाला वरडू देत न्हाय." आणि खरंच त्या दवाखान्याच्या फाटकात ठाण मांडून बसल्या. फेरीवाल्याला हात जोडायच्या, कुत्र्याला ढेकूळ मारायच्या, गाडी आली की उठून बैलांच्या घुंगरांत गवत कोंबायच्या. गाडीवाले आधी चिडायचे आणि मग त्यांचं तोंड बघून गप्प बसायचे. इलाज नव्हता तो फक्त सडकेवरच्या ट्रकचा. सडक फाटकासमोरून जायची.

आत मी मास्तरांचा चेहरा बघत बसायची. अंधाराला डोळे सरावले होते. दोन झटक्यांच्या मधे ते बोटांनी बोलायचे. एक बोट हलवलं की पाणी, म्हणजे ओठांना ओला कापूस. दोन बोटं म्हणजे कूस बदलायची. बाकी काही नाही. मी कुजबुजून उत्तर द्यायची. कुजबुजून कुजबुजून माझा आवाजच बसून गेला होता. मला सारखं वाटायचं, हे कानांनी मरणार. पाप असल्यासारखा तो विचार मी ढकलून द्यायची आणि तो पुन्हा यायचा.

अशातच एका सकाळी भिंतीपलीकडून बाकं सरकवल्याचा आवाज आला. भिंतीपलीकडं दवाखान्याचं चर्च होतं. मधे चार पावलांचा बोळ. मी मास्तरांच्या कानांवर हात ठेवले. तेवढ्यात पायपेटीचा एक जाड, भरदार सूर भिंतीतून आत आला, आणि त्यांचं अंग उचललं गेलं. दात करकरले. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या. तो सूर थांबला, दुसरा आला. मी त्यांच्या छातीवर पडून राहिले. ते खाली टेकले तशी मी उठले आणि अनवाणी धावत सुटले.

चर्चमध्ये माणसं भरत होती. न्हालेली-माखलेली, धुतले कपडे घातलेली, लेकरांना कडेवर घेतलेली. समोरच्या ओट्यावर पायपेटीशी एक टक्कल पडलेला गोरा साहेब बसला होता आणि शेजारी एक उंच, पिकल्या केसांची गोरी बाई उभी होती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली. कुणाचं लक्षच जाईना. शेवटी मी बाकांमधून पुढं गेले आणि त्या साहेबाचे दोन्ही गुडघे धरून खाली बसले. भाते दाबायला तेच गुडघे हलत होते.

चर्चचे पाद्रीसाहेब धावत आले. त्यांनी मला उठवलं. "बाई, बाई, काय झालं?"

"गाणं नका. माझा माणूस मरतो."

कुजबूज असली तरी त्यांनी ती ऐकली. त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्या मालकांचं माहीत आहे मला. रोज प्रार्थना करतो आम्ही. पण बाई, ही मंडळी सोलापुराहून हैदराबादला चालली आहेत, वाटेत फक्त दुपारपुरती थांबली आहेत. त्यांच्या देशातली फार जुनी देवाची गाणी आहेत, पुन्हा इथं कोण गाणार? बघा, लोक बैलगाड्या जुंपून पहाटेपासून आलेत. आम्ही खिडक्या लावून घेतो."

"भिंतीतून येतंय," मी म्हणाले.

एक म्हातारा बाकावरून म्हणाला, "आमी एवढ्या लांबून आलाव, जरा सोसा की बाई." त्याचा काही दोष नव्हता. त्याला काय सोसायचं ते माहीतच नव्हतं. पण त्या वेळी त्याचा गळा धरावा असं मला वाटलं.

गोऱ्या बाईनं पाद्रीसाहेबांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्यांनी सांगितलं. ती माझ्याकडं वळली आणि हातानंच म्हणाली, चल, दाखव. मी तिला बोळातून खोलीच्या दाराशी नेलं. तिनं पायातले बूट बाहेर काढले. दार बोटभर उघडून तिनं आत पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मागं फिरली तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

ती परत गेली आणि थोड्या वेळानं बोळातून माणसं येताना दिसली. त्यांनी पायपेटी उचलून आणली होती. दवाखान्याच्या विहिरीपलीकडं करडई निघालेलं मोकळं रान होतं, तिथं बाभळीखाली ती न्यायची असं ठरलं होतं. ज्यानं मला सोसायला सांगितलं तो म्हातारासुद्धा एका कोपऱ्याला खांदा देऊन होता. भात्याच्या पायाखालच्या फळ्या खटखट करू नयेत म्हणून कुणीतरी डोक्याचं पागोटं सोडून त्यांना बांधलं होतं. सगळे अनवाणी. एकाच्याही तोंडातून शब्द नाही. माझ्या दारावरून ते गेले तेव्हा त्यांच्या श्वासाखेरीज काही ऐकू आलं नाही. मागोमाग बायका गेल्या, लेकरांच्या तोंडावर हात धरून.

मोठ्या सिस्टर येऊन म्हणाल्या, "टाळ्या वाजवायच्या नाहीत असं सगळ्यांना सांगितलंय. जा, बसा त्यांच्याजवळ."

मी आत जाऊन बसले. उन्हं डोक्यावर आली असतील, घोंगडीच्या भोकातून एक कवडसा जमिनीवर पडला होता. मग गाणं सुरू झालं.

खूप लांबून यावं तसं ते येत होतं. माझ्या माहेरी भजन होत असे. टाळ, मृदंग, सगळ्यांचा एक गलका. हे तसं नव्हतं. ताल धरायला काहीच नव्हतं. बाईचा आवाज एका वाटेनं जायचा आणि पेटी खालून दुसऱ्याच वाटेनं, वाटायचं चुकली ही दोघं, आणि तेवढ्यात कुठंतरी ती एकमेकांना गाठायची. एकच शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, दर वेळी थोडा वर नेऊन. अर्थ मला कळायची सोय नव्हती. पण कुणाच्या तरी पायाशी बसून माणूस जसं तेच तेच मागत राहतो, तसं ते होतं. सकाळपासून मीही तेच करत होते. आज मी हे सांगते आहे, पण त्या वेळी मी गाणं ऐकत नव्हते. मी त्यांच्या जबड्याकडं बघत होते. 

वारा फिरला आणि गाणं एकदम जवळ आलं. मी घाईनं दोन्ही तळवे त्यांच्या कानांवर दाबले.

त्यांनी डोळे उघडले. हात हळूहळू उचलला, एवढंही त्यांना जड होतं, आणि माझ्या मनगटाला लावून माझा तळवा बाजूला सारला.

मी पुन्हा कान झाकला. त्यांनी पुन्हा सारला.

"झटका येईल," मी कुजबुजले.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. बोट हललं नाही, दोन बोटंही नाहीत. तो हात तसाच माझ्या मनगटावर, चिंधीवर, पडून राहिला. तेव्हा मी दोन्ही तळवे मांडीवर घेतले. गाणं आत येत राहिलं आणि त्यांचं अंग सैल होतं. एवढ्या दिवसांत तसं सैल मी पाहिलं नव्हतं. मी देवीला म्हटलं, एवढं पार पडू दे, पुढचं पुढं.

आणि सडकेवर ट्रकचा हॉर्न वाजला. लांब, कर्कश, थांबेचना.

त्यानंतर जे झालं ते मी सगळं सांगत नाही. अंग उचललं गेलं ते खाली येईना. चेहरा काळानिळा पडला. मी दार उघडून सिस्टरांना हाक मारली, या वेळी कुठून आवाज आला कोण जाणे, तो चांगला मोठा आला. डॉक्टर धावत आले, सुई दिली, छाती दाबली. खूप वेळानं श्वास लागला. पण त्यानंतर त्यांनी डोळे उघडले नाहीत. मधेच केव्हातरी दाराशी ती गोरी बाई हात जोडून उभी असल्याचं मला दिसलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. पाहुण्यांची मोटार निघताना तिनं ड्रायव्हरला इंजिन चालू करू दिलं नाही म्हणे, माणसांनी ढकलत ती पार पुढच्या वळणापर्यंत नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर गेले.

डॉक्टर मला म्हणाले, "बाई, मनात काही धरू नका. गाण्यानं नाही आणि हॉर्ननंही नाही. विष फार चढलं होतं. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं." त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं की खरंच तसं होतं, मला कधी कळलं नाही.

फाटकावरच्या रखवालदारानं मात्र मला एक गोष्ट सांगितली, हळूच, आत्याबाई गाडीत बसल्यावर. गाण्याला आलेल्या लोकांच्या गाड्या सडकेच्या कडेला सोडलेल्या होत्या. त्यामुळं येणारा जाणारा ट्रक तिथं हॉर्न द्यायला लागला होता. म्हणून म्हातारी फाटक सोडून सडकेच्या मधोमध जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून, ट्रकवाल्यांना थोपवायला. वळणावरून एक आला, त्याला ती एकदम समोर दिसली, आणि त्यानं ब्रेकबरोबर हॉर्नही दाबून धरला.

"तुमास्नी सांगावं का न्हाय, कळंना," तो म्हणाला.

"आता कुणाला सांगू नका," मी म्हणाले.

गावी आल्यावर आत्याबाई येईल त्याला सांगत, "त्या गोऱ्या बाईच्या गाण्यानं माझं लेकरू गेलं." सुतकात भेटायला आलेल्या बाया हळहळत. मी चुलीपुढं बसून ऐकत असे. मला त्या गाण्याची बाजू घ्यावीशी वाटे आणि मी घेत नसे.

पुढं मी उस्मानाबादला जाऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं आणि जळकोटच्याच शाळेत लागले. आत्याबाई माझ्याजवळच राहिल्या. आम्ही दोघी एकमेकींना धरून होतो, फार बोलत नसू. त्यांची नजर मंदावली होती. एका सुट्टीच्या दिवशी ओसरीत मी शेंगा फोडत होते, त्या दाणे निवडत होत्या. मधेच त्यांचा हात थांबला.

"पोरी, त्या दिशी त्या टरकवाल्यानं हारन कशापायी वाजवला असंल गं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. सुपातले दाणे त्या बोटांनी चाचपत होत्या.

"सडकेत म्हैस आली होती म्हणे, आत्याबाई."

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाल्या, "व्हय. म्हशी लई असत्यात त्या सडकंला."

आणि सूप पुढं ओढून पुन्हा निवडायला लागल्या.