चुन्याची वर्तुळं

नातवाचे फुटबॉलचे बूट ओसरीत वाळत घातले की ओल्या चामड्याचा वास घरभर फिरतो आणि मी थेट रांझीच्या मैदानावर जाऊन पोचते.

एकाहत्तरची लढाई सुरू होती. आमच्या वसाहतीच्या लष्करी कारखान्यात डबल ड्यूटी. पोरांना फुटबॉल शिकवणारे भैयाही तिकडेच अडकले, म्हणून त्यांची शिट्टी बालवाडीच्या दीदीच्या, म्हणजे माझ्या गळ्यात आली. पोरं पाच-पाच वर्षांची. सगळी मिळून चेंडूवर तुटून पडायची. मी अतिशहाणी! प्रत्येकाभोवती चुन्याचं वर्तुळ आखलं आणि बजावलं, "बाहेर पाय टाकायचा नाही." वर पोरांच्या आयांना सांगून बसले, "आज गोल झाला नाही, तर शिट्टी परत करीन."

चेंडू मधोमध पडलेला आणि माझी आज्ञाधारक सेना जागच्या जागी उभी.

"काहून उभं केलं हो दीदी लेकरांना? शिक्षा देऊन राहिल्या का?" बेबीची आई हसली.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. थोड्या वेळानं गोलामागच्या रस्त्यावर पहिली सायकल थांबली. कित्येक दिवसांत जागेपणी न दिसलेला बाप बघून बेबी "बाबा!" ओरडत वर्तुळाबाहेर सुसाट सुटली. वाटेतला चेंडू तिच्या पायांना लागत लागत गोलात गेला आणि ती बापाच्या तेलकट शर्टाला बिलगली.

मी पदर खोचून शिट्टी फुंकली. "बघा! शिकवलं कोणी?"

ती शिट्टी अजून माझ्याकडेच आहे. गोल कुणामुळे झाला ते मला तेव्हाच कळलं होतं, पण बेबीच्या बाबांना मी ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही.