लख्ख घासलेला कप

आमच्या घरात पाहुण्यांना टेकायला जागा नाही, पण कुणाकुणाच्या जुन्या बुटांना स्वतंत्र कपाट आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, सासरे मोठे खेळाडू असणार. कसलं काय! सासऱ्यांना कॅरम खेळूनही धाप लागायची. हा सगळा पसारा सासूबाईंचा. फाटके बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज, तारा तुटलेल्या रॅकेटी, गोलकीपरच्या जर्सी, बिल्ले, कप. आठवडाभर आमच्या लाँड्रीत लोकांचे डाग काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्याकडून डागाळलेलं सामान कौतुकाने उचलून आणायचं. एकाच बाईच्या अंगात दोन बायका आहेत, आणि दोघीही हट्टी.

इतक्या वर्षांत त्या काय काय शिकल्या, ते इस्त्री करता करता मला ऐकवतात. मी विचारलेलं नसलं तरी. "वस्तू एवढीशी आणि विकणाऱ्याची गोष्ट लांबलचक, की समजायचं, माल खोटा." "पुढून सगळंच छान असतं गं, आधी उलटून बघावं." आणि सगळ्यात लाडकं म्हणजे, "जर्सीवरचा चिखल धुवायचा नाही. जर्सी कुणीही शिवेल, तो चिखल कुठून आणशील?" लाँड्रीवालीच्या तोंडून हे ऐकताना मला हसू आवरायचं नाही. हे शहाणपण त्यांना कशातून आलं, ते मला एका दुपारी कळलं.

त्या दुपारी दुकानात एक नर्सबाई आल्या, ड्यूटीवरून थेट. त्यांची आई तरुणपणी पोहायची. नदी पार करायच्या शर्यतीत ती पहिली आली होती. आता पोहण्याचा क्लब सगळ्या विजेत्यांची नावं दगडी फलकावर कोरून घेत होता, पण त्या वर्षाची जागा रिकामी राहणार होती. क्लबच्या कचेरीत एकदा पाणी शिरलं, त्यात जुनी कागदपत्रं गेली होती. आईचा कप मामाने घर आवरताना भंगारात घातला होता.

"झाकणावर सूर मारणारी बाई आहे, असा कप तुमच्याकडे आहे म्हणे," नर्सबाई म्हणाल्या. "आईचं नाव कोरलंय त्याच्यावर. ती आता खूप थकलीय हो. फलकावर नाव बघायचंय, एवढंच म्हणते."

सासूबाईंनी कप आणला. आरशासारखा लख्ख. आणि नाव असायला हवं तिथे गुळगुळीत. छंद नवा होता तेव्हा त्यांना तो काळाकुट्ट मिळाला होता. लाँड्रीवालीचा हात तो! राख आणि लिंबू घेऊन बसल्या आणि चमकेपर्यंत घासत राहिल्या. "मला वाटलं, वरवरचे ओरखडे आहेत," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

नर्सबाईंनी कप दोनदा फिरवून पाहिला. "छान ठेवलाय हं," म्हणाल्या आणि गेल्या.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," सासूबाई म्हणाल्या.

मी समजूत घालायला गेले. "जाऊ द्या ना आई. एक नाव नसलं म्हणून काय जग बुडतंय?"

त्यांनी इस्त्री उभी केली. "त्या म्हातारीचं बुडतंय."

दुसऱ्याच दिवशी आम्ही क्लबच्या चिटणिसांपुढे उभ्या. पुराव्याशिवाय नाव नाही, ते म्हणाले. उद्या कुणीही उठेल आणि आपल्या आजीचं नाव सांगेल. बाहेर आल्यावर सासूबाई पुटपुटल्या, "मेला बोलतोय मात्र बरोबर." आणि जिना उतरता उतरता थबकल्या. "अगं, शर्यतीत पहिली असते, तशी दुसरीही असते की!"

नर्सबाईंकरवी त्यांच्या आईला विचारलं. उत्तर आलं आणि मी कपाळावर हात मारला. दुसरी आलेली मुलगी पुढे शाळेत खेळ शिकवायची. म्हणजे आमच्या शिट्टीबाई! गळ्यात शिट्टी आणि तोंडात दरारा. माझ्या नवऱ्यासकट अर्ध्या गावाला त्यांनी मैदानावर उभं करून सांगितलेलं, 'ती नदी मी सगळ्यांत आधी पार केली.'

गेलो त्यांच्याकडे. सासूबाई खुर्चीत बसल्याही नाहीत. त्यांची नजर काचेच्या कपाटावर. आत तसाच एक कप होता, थोडा लहान, आणि झाकणावरच्या बाईचं तोंड भिंतीकडे. अक्षरंही भिंतीकडेच असणार.

"जरा उलटून बघू का?"

"हात लावायचा नाही!" शिट्टीबाई ओरडल्या. मी तर सावधानमध्येच उभी राहिले.

त्यांनी आम्हाला दार दाखवलं. पण सासूबाई ऐकतायत होय? दर सुट्टीला जायच्या, दारातून परत यायच्या. भंगारबाजारही सुटला. शेवटी मीच चिडले. "लोक तोंडावर दार आपटतात, लाज नाही वाटत तुम्हाला?"

"लाज वाटते म्हणूनच जातेय," त्या म्हणाल्या.

मग एकदा त्यांनी आपला लख्ख कप बरोबर घेतला आणि शिट्टीबाईंच्या उंबऱ्यावर ठेवला. "बाई, तिचं नाव मी राखेने पुसलं. तुम्ही भिंतीकडे वळवून पुसलंत. माझ्याच्याने ते परत येत नाही. तुमच्याच्याने येईल."

शिट्टीबाईंनी वाकून कपाच्या त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं. "अख्ख्या गावाला सांगून बसलेय मी. घरात सुना-नातवंडं आहेत. या वयात तोंड कुठे लपवू?"

"ते मला नाही सांगता येणार," सासूबाई म्हणाल्या. "पण ती तुमच्याहून जास्त थकलीय."

दार लागलं. आपटलं मात्र नाही.

नावं पक्की करायची सभा क्लबच्या हॉलमध्ये होती. नर्सबाईंनी आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. शालीत गुंडाळलेली एवढीशी म्हातारी. चिटणीस यादी वाचत त्या वर्षापाशी आले. "नोंद उपलब्ध नाही. रिकामं सोडतोय." सासूबाई उठायला लागल्या, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा!"

शिट्टीबाई सुनेचा हात धरून पुढे आल्या आणि त्यांनी आपला कप टेबलावर ठेवला. अक्षरं लोकांकडे करून. 'द्वितीय' हा शब्द मला मागच्या रांगेतूनही वाचता आला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. त्यांची सून तर बघतच राहिली.

चिटणीस चाचरत म्हणाले, "पण बाई, यावरून तुम्ही दुसऱ्या आलात एवढंच कळतं. पहिल्या ह्याच कशावरून?"

"कशावरून?" शिट्टीबाई कडाडल्या. "अख्खी नदी मी हिचे तळवे बघत पार केलीय! उजव्या टाचेत कापल्याची खूण आहे, आडवी. नसली तर माझंही नाव पुसा."

कुणी काही बोलायच्या आत खुर्चीतल्या आजींनी स्वतःच पाय पुढे केला. नर्सबाईंनी मोजा काढला. खूण होती.

शिट्टीबाई मटकन खाली बसल्या, तो पाय दोन्ही हातांत घेतला आणि ढसाढसा रडायला लागल्या. आजी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं वेडे, मग जरा जोरात पोहायचंस की."

सगळा हॉल हसला, मीही हसले, आणि डोळे पुसायला पदर काही पुरेना. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी चिटणिसांपुढे पेन सरकवलं.

"नाव लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि कोरणाऱ्याला सांगा, खोल कोर."