भरलेली मेस बंद करणाऱ्या काकू

आठल्येकाकू मेसमध्ये वाढायला कधी उभ्या राहिल्या नाहीत. वाढायला दोन बायका होत्या. काकू उभ्या राहायच्या त्या मोरीपाशी, जिथे मुलं जेवून ताटं ठेवायची. पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर परत आलेल्या प्रत्येक ताटात. पहिल्या दिवशी मी ताट ठेवलं तसं त्यांनी विचारलं, "कुठला रे तू?"

"भंडारा."

"भंडाऱ्याचा मुलगा भात टाकतो? करपलाय, की घरची आठवण येतेय?"

मी म्हणालो, "भात चांगला आहे काकू. जेवणच जात नाही."

"मग घास कमी घे, पण खा. उपाशी राहून कलेक्टर झालेला मी अजून पाहिला नाही." आणि लगेच त्यांची नजर माझ्या मागच्या मुलाच्या ताटाकडे गेली. पोळीचे काठ सोडले होते त्याने.

नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत काकूंची मेस होती. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, दिवसभर अभ्यासिकेत बसायचो आणि दोन वेळा काकूंकडे जेवायचो. राज्यसेवेची तयारी करणारी आम्ही सगळी मुलं-मुली बाहेरगावची होतो. काकू कुणालाही नावाने हाक मारत नसत. "वाशीम, आज उशीर?" "परभणी, सर्दी झालीय तर दही घेऊ नकोस." एकदा कुणीतरी धीर करून विचारलं, नावं लक्षात राहत नाहीत का म्हणून. काकू म्हणाल्या, "नावं दरवर्षी नवी येतात. जिल्हे तेवढेच आहेत."

ताटं कशाला बघता, असं मी बऱ्याच दिवसांनी विचारलं. तेव्हा त्यांनी मला बँकेतल्या कारकुनाची गोष्ट सांगितली. सुरुवातीला त्यांच्याकडे जेवायला यायची ती नोकरीतली सडी माणसं. कोकणातून, साताऱ्याकडून बदली होऊन आलेली, बहुतेक बँकेतली. त्यांतला एक जण एका दुपारी आमटी दोनदा घेऊन निवांत बसला होता. काकूंनी विचारलं, आज बँकेला सुट्टी का? तो म्हणाला, "सुट्टी नाही. आमच्याकडे कॉम्प्युटर आलाय. दुपारनंतर मला कामच नसतं." त्याला त्यात मौज वाटत होती. काकूंना वाटली नाही.

"त्याने घास गिळायच्या आत माझं ठरलं होतं," काकू म्हणाल्या. "ज्याला दुपारी काम नाही, त्याच्या जागी उद्या दुसरा माणूस येणार नाही. मग माझ्याकडे जेवणार कोण?"

त्या आठवड्यात त्या पेठेतल्या दोन-चार क्लासेसच्या दारात नुसत्या उभ्या राहून आल्या. बाहेर पडणारी मुलं कुठून आली आहेत आणि काय खातात ते विचारून आल्या. आणि आमटीतला गूळ काढला. ज्यांना पुण्यातलं जेवण ठाऊक नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. पण काकूंच्या सासरी चार पिढ्यांत कुणी बिनगुळाची आमटी खाल्ली नव्हती. त्यांच्या यजमानांनी पहिला घास घेऊन विचारलं, "आज आमटीला काय झालंय?" काकू म्हणाल्या, "आमटीला काही झालं नाही. गिऱ्हाईक बदललंय." पुढे ठेचा आला, झुणका आला, रविवारच्या फीस्टला वांग्याची झणझणीत भाजी आली. वर्ष-दोन वर्षांत कारकून खरंच कमी झाले. आसपासच्या दोन खाणावळींना कुलूप लागलं आणि काकूंच्या दारात आमच्यासारख्या मुलांची रांग होती.

"तहान लागल्यावर विहीर खणायची नसते," असं त्या वरचेवर म्हणायच्या. म्हण शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असते. आम्ही तर निबंधाच्या पेपरात ती लिहीतही होतो.

पाचव्या वर्षी मी मुख्य परीक्षेत दोन मार्कांनी गेलो. दोन मार्क म्हणजे काय, हे त्या पेठेत राहिल्याशिवाय कळत नाही. चाळीस मार्कांनी गेलेल्या मुलाची समजूत काढतात. दोन मार्कांनी गेलेल्याचा सत्कार व्हायचा तेवढा राहतो. अभ्यासिकेत मुलं माझ्याकडे शंका विचारायला येऊ लागली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते फोनवर म्हणाले, "दोन मार्क तं काहीच नाही राजा. यंदा होऊनच जाईल." गावात त्यांनी तसं सांगूनही टाकलं होतं. मीही ते खरं मानलं. त्या दोन मार्कांवर मी पुढची तीन वर्षं काढली.

काकू मात्र एकदा प्रज्ञाला, म्हणजे वाशीमच्या मुलीला, सांगत होत्या ते मी ऐकलं. तीही थोडक्यात गेली होती. "दोन मार्कांनी गेलेल्याची मला भीती वाटते गं. चाळीस मार्कांनी गेलेला निदान घरी तरी जातो." मला राग आला. मनात म्हटलं, आमट्या ढवळणाऱ्या बाईला परीक्षेतलं काय कळतंय!

मग मोबाईल ताटाशेजारी आले. आधी एक-दोन मुलं पाण्याच्या ग्लासला मोबाईल टेकवून जेवायची, मग निम्मी मेस तशी जेवू लागली. एका दुपारी काकू मोरी सोडून टेबलाशी आल्या. एरवी त्या येत नसत. माझ्या मोबाईलमध्ये डोकावून म्हणाल्या, "हा कोण बोलतोय?"

"इतिहासाचे सर आहेत काकू. इथल्याच क्लासचे."

"मग समोर जाऊन का नाही बसत?"

"कशाला? हेच सगळं मोबाईलवर मिळतं. घरी बसूनसुद्धा बघता येतं."

"घरी बसून," काकू म्हणाल्या. तेवढंच. त्या परत मोरीपाशी गेल्या, पण त्या दुपारी त्यांनी एकाही ताटात पाहिलं नाही. मला ते खटकलं होतं. त्याचा अर्थ मात्र लागला नाही.

महिनाभराने दारावर पाटी लागली. 'पुढील महिन्याच्या एक तारखेपासून मेस बंद. मेस उत्तम चालू आहे. कारण विचारू नये.'

आरडाओरडा झाला. पन्नास-साठ मेंबर होते, नवीन मुलं जागा नाही म्हणून परत जात होती. शेजारच्या स्टेशनरीवाल्याने तर काकूंना तोंडावर विचारलं, "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? भरलं दुकान कोणी बंद करतं का?" काकू म्हणाल्या, "रिकामं झाल्यावर आपोआपच बंद होतं. त्याला डोकं लागत नाही."

त्यांनी हेरलं होतं ते असं. ज्या मुलाला मास्तर मोबाईलवर दिसतो, तो पुण्याला येऊन कॉटचं भाडं किती दिवस भरेल? आज नाही तर चार वर्षांनी तो आपल्या तालुक्याला बसून अभ्यास करेल. आणि पेठेत राहील कोण? तर ज्यांची मुलं परदेशी गेली आहेत ते म्हातारे. त्यांना जिना उतरवत नाही आणि गॅससमोर उभं राहवत नाही. काकूंनी मेसची टेबलं विकली आणि म्हाताऱ्यांचे डबे सुरू केले. मीठ कमी, भाजी मऊ, पोळी लहान. आमटीत गूळ परत आला, मधुमेहवाले सोडून.

पाटी लागली त्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवून घेतलं. मला तेव्हा आठ वर्षं झाली होती. मेसमध्ये माझ्याहून जुनं कुणी उरलं नव्हतं. काकूंनी चहा दिला आणि आडवळण न घेता म्हणाल्या, "स्वयंपाक मी बघेन. पण घरोघर जाऊन माणसांशी बोलायला कुणीतरी हवं. कुणाला काय पचतं, कोण किती दिवस जेवलेलं नाही, ते दारात उभं राहून कळायला हवं. तुला बोलता येतं. म्हातारी माणसं तुझ्यापाशी थांबतात, मी पाहिलंय. भागीदार हो माझा. नोकर म्हणून नाही विचारत, भागीदार म्हणून विचारतेय."

पूर्वपरीक्षा तीन महिन्यांवर होती. मी म्हणालो, "काकू, मी डबे पोचवायला आलो नाही पुण्याला."

"मग कशाला आलास?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. आठ वर्षं झाली म्हणून पुन्हा विचारतेय. तुझंच तुला आठवतंय का ते बघायला."

मी चहा तसाच ठेवून उठलो. पुढे कधी रस्त्यात दिसल्या तर मी पलीकडच्या बाजूने जायचो. मला वाटायचं, मी पास होईन, गाडीतून उतरेन आणि पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या हातात ठेवेन. तो प्रसंग मी इतक्या वेळा मनात रंगवला होता, की त्यातली काकूंची साडीसुद्धा ठरलेली होती. अभ्यास मात्र तेवढ्या वेळा केला नाही.

काकूंनी प्रज्ञाला विचारलं. ती हो म्हणाली. पुढे टाळेबंदी आली. पेठेतली मुलं रात्रीतून गावी गेली, मेसवाल्यांनी भांडी विकली, स्टेशनरीवाल्याचं दुकान मोबाईलच्या कव्हरांचं झालं. काकूंचे आणि प्रज्ञाचे डबे तेव्हा दुप्पट झाले. लोक म्हणू लागले, या बाईला आधी कळलं कसं? मी भंडाऱ्याला घरी पडून होतो, परीक्षा पुन्हा पुढे ढकलली गेली होती. फोनवर हे कानावर आलं तेव्हा मी म्हणालो, नशीब एकेकाचं. त्यात नशीब नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर सांगण्यासारखं थोडंच आहे. परीक्षा झाल्या, निकाल लागले, वडील निवृत्त झाले, वडील गेले. 'यंदा होऊनच जाईल' म्हणणारं कुणी उरलं नाही, तरी मी एक फॉर्म भरला. मग परीक्षेला बसायचं वय संपलं. ज्या अभ्यासिकेत मी इतकी वर्षं बसलो, तिच्या मालकाने मला तिथेच व्यवस्थापक म्हणून ठेवलं. खुर्च्यांचे नंबर, पंखे, कोण मोठ्याने बोलतं, कोणाची मुदत संपली ते बघायचं. मुलं मला सर म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात प्रज्ञाचा फोन आला. काकूंना भेटून जा म्हणाली, फार दिवस नाहीत. मी गेलो. वरच्या मजल्यावरच्या घरात काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, अर्ध्याच उरल्या होत्या. धंदा त्यांनी वर्षापूर्वीच प्रज्ञाच्या नावावर केला होता, धडधाकट असताना. आजार नंतर कळला. यातही त्यांची वेळ चुकली नव्हती.

"वय संपलं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"संपलं."

मला वाटलं, आता त्या म्हणतील, मी सांगत होते. मी त्याची तयारी करून गेलो होतो.  पण त्या म्हणाल्या, "पास होणारा मुलगा दोन-तीन वर्षांत पेढे देऊन जातो. त्याच्यावर मेस चालत नाही. माझी मेस चालली ती राहिलेल्यांवर. हे कधी कुणाशी बोलले नाही मी."

"असू दे काकू."

"असू दे काय? ऐक. पाचव्या वर्षी तू दोन मार्कांनी गेलास. पुढच्या महिन्याचं मेसचं कार्ड घ्यायला आलास, तेव्हा मला दिसत होतं. अभ्यास कमी आणि पास झालेल्यांची भाषणं ऐकणं जास्त. म्हटलं, हा आता व्हायचा नाही आणि घरीही जायचा नाही. तेव्हा तू सत्तावीस-अठ्ठावीसचा होतास. काहीही करू शकला असतास. आणि मी कार्ड दिलं."

"आठव्या वर्षी बोललात की तुम्ही."

"तेव्हा मेस बंद करायचं ठरलं होतं माझं. तेव्हा बोलायला माझं काय जात होतं?"

प्रज्ञा दाराशी उभी होती, ती आत निघून गेली. काकूंचे डोळे कोरडे होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, उत्तराची वाट बघत.

मला संताप आला. इतक्या वर्षांत कुणाचा आला नव्हता एवढा. तीन वर्षं, ऐन उमेदीची, या बाईने जाणूनबुजून जाऊ दिली. आणि त्याच वेळी मला पक्कं ठाऊक होतं, की पाचव्या वर्षी त्यांनी सांगितलं असतं तर मी मेस बदलली असती, इरादा नाही. ऐकलं मी कुणाचंच नसतं. एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर त्या बाईच्या छातीवरचं ओझं उतरलं असतं. मला ते वाक्य तोंडपाठ होतं. मी बोललो नाही. "येतो काकू," म्हणालो आणि जिना उतरलो. त्यानंतर तेराव्या दिवशी काकू गेल्या.

त्या गेल्या त्या दिवशी मी वैकुंठ स्मशानभूमीतून थेट अभ्यासिकेत आलो. किल्ल्या माझ्याकडे होत्या. दारात एक जण थांबलेला होता, परभणीकडचा, तेहेतीस वर्षांचा. पुण्यातलं त्याचं सहावं वर्ष. बायको आणि लहान मुलगी गावी. त्याला पुढच्या आख्ख्या वर्षासाठी खुर्ची आरक्षित करायची होती, म्हणाला, "सर, औंदा कसं बी करून काढायचंच."

मी त्याला गेले सहा महिने बघत होतो. तो पुस्तक उघडून तासन्‌तास खिडकीबाहेर पाहत बसायचा. मी पेनाचं टोपण काढलं. त्याच्या तोंडाकडे बघितलं. मालकाने दोनच दिवसांपूर्वी सांगितलं होतं, खुर्च्या रिकाम्या पडू लागल्यात, लक्ष द्या.

"काही म्हणालात का सर?"

"नाही," मी म्हणालो. "मागच्या रांगेत वारा चांगला लागतो. तिथे देतो तुम्हाला."