मोरीतली माशी आणि मडक्यातली

यंदाच्या थंडीत आमच्या घरात माश्या आल्या आणि माझी मडकी धोक्यात आली. स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत एकावर एक मडकी रचून मी ओल्या कचऱ्याचं खत करतो. निवृत्तीनंतर मला हा एकच उद्योग उरला आहे आणि त्याचा मला भलताच अभिमान आहे. पण लेक बंगळूरच्याच दुसऱ्या टोकाहून, व्हाइटफील्डहून बाळंतपणाला येणार होती. बायकोने साफ सांगून टाकलं, "बाळ घरात यायच्या आत मडकी बाहेर. एवढ्या माश्या तिथूनच येतात."

"कशावरून?" मी विचारलं.

"मग काय, लेकीच्या आधी त्या व्हाइटफील्डहून आल्या?"

आता पुरावा शोधणं भाग होतं. लेकीने कधीतरी माझ्या फोनवर किड्यांच्या हौशी मंडळींचा एक गट जोडून दिला होता. तिथे फोटो टाकला की कुणी जाणकार नाव सांगतो. मी धडाधड फोटो पाठवले. उत्तर आलं, "काळा डाग दिसतो आहे. जवळून, बाजूने, पंख दिसतील असा काढा." माशीला बाजूने वळायला कसं सांगायचं, हे मात्र कुणी कळवलं नाही.

शेवटी थंडीच मदतीला आली. ऊन येण्याआधी बंगळूरची माशीही अंग आखडून बसते, उडायचा आळस करते. मी कानटोपी घालून सकाळी सकाळी मोरीत आणि पडद्याशी उभा राहू लागलो. माशी हलायची थांबली, पण माझा हात थांबेना. बायको भिजवलेल्या अवरेकाय, म्हणजे पावट्याच्या दाण्यांची सालं काढत बसली होती. तिला ते बघवेना.

"स्वल्प सरका. द्या इकडे."

हिवाळा आला की आमच्याकडे रोज अवरेकाय. चिमटीत दाणा न चिरडता साल काढणारा तिचा हात फोन धरतानाही जागचा हलला नाही. मोरीतली केसाळ, इवलीशी माशी एकदाची स्वच्छ दिसली आणि उत्तरही आलं: ही सांडपाण्याच्या पाइपात साचलेल्या घाणीत वाढते, पाइप घासून घ्या. मी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. बायको ब्रश घेऊन मोरीत गेली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

राहिली पडद्यावरची दुसरी, लांबट काळी माशी. ती बाहेरून आलेली गांधीलमाशी आहे, असं मी छातीठोकपणे सांगत होतो. दुसऱ्या दिवशी बायकोने तिचाही फोटो काढला. उत्तर आलं तेव्हा फोन तिच्याच हातात होता. या वेळी तिने मोठ्याने वाचलं, "गांधीलमाशी नव्हे. हिला पंख दोनच आहेत. ही सैनिक माशी. हिच्या अळ्या ओला कचरा खातात. घरात खताचं मडकं आहे का?"

आता मडकी गेलीच, असं मी धरून चाललो.

"चावते का, विचारा," फोन माझ्या हातात देत ती म्हणाली.

मी विचारलं. चावत नाही, असं उत्तर आलं. अन्नावरही सहसा बसत नाही. अंडी घालायला जागा शोधत येते आणि थोड्याच दिवसांत मरते.

बायकोने फोन परत घेऊन स्वतः काढलेला तो फोटो मोठा करून पाहिला. मग अवरेकायच्या सालांचं ताट उचलून बाल्कनीत गेली, वरच्या मडक्याचं झाकण काढलं आणि सालं आत ओतली. मी घाईघाईने मागे गेलो.

"मी मडक्याला बारीक जाळी बांधून टाकतो. एकही बाहेर येणार नाही की आत जाणार नाही."

"नको," ती म्हणाली. "जाळी पाळण्याला बांधू. हिला कशाला अडवता? हीपण बाळंतपणालाच आलीय."