निवृत्त वानखेडे काकांशिवाय गेट उघडेना

मंडळी, आज दुर्गजवळच्या रसमड्याच्या कारखान्यातली माझी नोकरी थोडक्यात वाचली.

कर्मचाऱ्यांची लॉगिन खाती सांभाळणारं वेब पेज मी बनवलंय. सकाळी त्यावरून निवृत्तांची खाती बंद केली आणि दहा मिनिटांत गेटवर ट्रक अडकले. गेटपासच निघेना! तेव्हा कळलं, अख्खा डिस्पॅच विभाग तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या वानखेडे काकांच्या खात्यावरून काम करतो.

मॅनेजर साहेब म्हणाले, "दुपारपर्यंत गाड्या निघाल्या नाहीत, तर तुम्ही निघा."

खातं पुन्हा उघडायला त्याच माणसाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. ही अक्कलही माझीच. काकांना दुर्गला फोन लावला.

"ओटीपी कोणाले सांगाचा नाही. तुमीच तर शिकवलं न!"

"काका, मीच बोलून राहिलो!"

"चोरही असंच म्हणतेत." फोन कट.

शेवटी काका स्वतःच खात्री करायला स्कूटरवर आले, माझा चेहरा निरखला आणि हाताने मोबाइल झाकून ओटीपी स्वतः टाकला. ट्रक निघाले.

"साहेब, आता बाकीच्यांनाही गेटपास काढायचा अधिकार देऊ का?" मी विचारलं.

"कावून? चालून तर राहिलं."

तुमच्या ऑफिसात असा कोण आहे, जो घरी गेला तरी कामावर आहे?