करणाऱ्याचा ‘स’

माझी नात मला ‘कीरिओस’ म्हणायची. ग्रीक भाषेत याचा अर्थ साहेब. लेक ग्रीसमध्ये नर्स आहे, जावई तिथलाच, आणि नात जन्मल्यापासून त्याच भाषेत खाते, रुसते आणि झोपते. व्हिडिओ कॉलवर मी दिसलो की ती मान वळवून आईला सांगायची, फोनमधला साहेब आला. आमच्या बोरगाव मेघे गावात मला आजवर कोणी साहेब म्हटलेले नाही. बस डेपोत गाड्यांचा पुकारा करणाऱ्याला कोण म्हणणार? दुसऱ्या कोणी म्हटले असते तर मी चार लोकांना सांगत फिरलो असतो. नातीच्या तोंडून मात्र ते ऐकले की माझे जेवणात लक्ष लागत नसे.

तिकडे आजोबाला काय म्हणतात, असे मी लेकीला विचारले. पापूस, ती म्हणाली, आणि जरा चाचरून पुढे म्हणाली की ते नाव दुसऱ्या आजोबांचे होऊन गेले आहे. ते वरच्याच मजल्यावर राहतात, रोज तिला शाळेतून आणतात. म्हणजे ती जागा भरलेली होती. तरी मी ठरवले, हिवाळ्यात ती येईल तोवर ग्रीक शिकायचे. मला कोणते नाव मिळेल ते मिळो, पण साहेब राहायचे नाही.

लेक रविवारी फोनवर शिकवू लागली. पुस्तक नको, आपल्या घरातलीच वाक्ये घेऊ, असे तिचे म्हणणे. बाप दार उघडतो. आई दूध तापवते. मी पाणी ठेवतो. इंग्रजीने मला जन्मभर झुलवले, पण इथे पहिल्याच आठवड्यात ओळखीची माणसे भेटली. तिथेही आपल्यासारखी तीन लिंगे आहेत. पाणी, दूध, मीठ तिकडेही नपुंसकलिंगी, आणि लेकरू तिकडेही ‘ते’. फक्त त्यांच्या ‘ते’चा उच्चार ‘तो’ असा होतो, एवढीच पंचाईत.

मी अडलो तो ‘स’पाशी. बाप म्हणजे पातेरास. ‘ओ पातेरास आनीगी तीन पोर्ता’, म्हणजे बाप दार उघडतो. पण मी बापाला पाहतो असे म्हणायचे झाले की तो ‘स’ गळतो, बापाला हाक मारायची तरीही गळतो. आपण ज्याला पाहतो त्याला ‘ला’ लावतो, इकडच्या बोलीत ‘ले’, आणि काम करणारा बिचारा कोराच राहतो. तिकडे काम करणाऱ्यालाच शेपूट. ते लावायचे मी नेमके विसरायचो. ‘‘बाबा, जो करते त्याले स,’’ लेक दर रविवारी सांगायची, आणि तिचा आवाज माझ्यासारखाच चढायचा. विहारात मी लहानपणापासून पाली वंदना म्हणत आलो आहे. तिच्यातल्या शब्दांच्या शेवटचा अनुस्वार आपल्या ‘ला’चेच काम करतो, हे मात्र मला या वयात कळले, ‘तोन पातेरा’, म्हणजे ‘बापाला’, असे घोकताना.

बायको भाजी निवडता निवडता हे सगळे ऐकायची. तिने ग्रीक शिकायला साफ नकार दिला. मराठीतच बोलेन आणि पोरीला ते समजेल, असे तिने आधीच जाहीर करून टाकले होते.

आणि झालेही तसेच. हिवाळ्यात मायलेकी आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नात आजीला चिकटून बसली होती आणि भाकरीच्या पिठाचे गोळे करत होती. मी बाजूला उभा राहून तिला शुद्ध ग्रीकमध्ये विचारत होतो, पाणी पाहिजे का? दूध पाहिजे का? दार उघडू का? ती माझ्याकडे पाहायची, मग आईकडे पाहायची, आणि पुन्हा पिठात हात घालायची. बायको म्हणाली, ‘‘तुमी तिच्याशी बोलून राह्यले का तिची परीक्षा घेऊन राह्यले?’’ मला बायकोचा हेवा वाटत होता, हे खरे.

मग ते घडले. पाण्याचा कॅनवाला सांगूनही आला नव्हता, म्हणून मी त्याला फोनवर झापले. माझा आवाज डेपोतला. साधे बोललो तरी शेजारी खिडकीत येतात. फोन ठेवून वळलो तर दारात नात उभी. तिने आपणहून मला पहिल्यांदाच काही विचारले, ‘‘थीमोसेस?’’ हा शब्द आमच्या वाक्यांत कधी आला नव्हता. आमच्या घरात राग पिठामिठाइतकाच लागतो, पण लेकीने तो काही शिकवला नव्हता. तरी नातीच्या चेहऱ्यावरून मी ओळखले, रागावलास का, असे विचारते आहे. घाईत माझ्या तोंडून घरचाच शब्द निघाला, ‘‘नई, नई.’’

ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. नाही म्हणायला ‘ओखी’ म्हणतात. दोन्ही मला पाठ होते, पण घाबरलेल्या माणसाला पाठ केलेले कुठे आठवते? पोरीने ऐकले ते हो, हो. ती रडत आईकडे पळाली. लेकीने तिला समजावले, हसून मलाही समजावले. पण त्यानंतर मी असेन त्या खोलीत पोरगी पाऊल टाकेना. फोनमधला साहेब बरा होता. तो निदान तिला रडवत तरी नव्हता. मला फार वाईट वाटले.

मग मी तिच्याशी बोलणेच सोडले. आमच्याकडे सकाळचा चहा मी करतो. एकटाच ओट्यापाशी उभा राहून, डेपोत कधी काढला नव्हता असा बारीक आवाज काढून, मी माझी वाक्ये स्वतःलाच ऐकवू लागलो. दार उघडतो. पाणी ठेवतो. साखर टाकतो. शिकलेले वाया जाऊ नये, एवढाच त्यात हेतू होता. एके सकाळी मी म्हणालो, ‘‘कानो तोन त्साई’’, चहा करतो. चहा माझ्या डोक्यात पुल्लिंगी, म्हणून त्याच्यापुढे पुरुषाचे ‘तोन’ लावले.

‘‘तो त्साई,’’ फ्रिजच्या मागून आवाज आला.

त्यांचे ‘तो’ म्हणजे आपले ‘ते’. तिकडे चहासुद्धा नपुंसकलिंगी. मी मागे न वळता म्हणालो, ‘‘तो त्साई.’’ ‘‘ने,’’ ती म्हणाली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी ओट्यापाशी येऊ लागली. मी चुकायचो, ती सुधारायची, आणि माझ्या कपात बिस्किट बुडवून खायची. आतून बायको ओरडायची, ‘‘आबाले विचार वं, चहा झाला काय?’’ नात मान हलवायची. तिला किती कळायचे ते तिलाच ठाऊक.

जाण्याच्या आदल्या सकाळी तिकडच्या आजोबांचा, त्या पापूसांचा, फोन आला. लेकीने फोन नातीच्या हातात दिला. तिने तो माझ्याकडे वळवला आणि त्यांना सांगितले, ‘‘ओ आबास मू कानी त्साई.’’

‘मू’ म्हणजे माझा. माझा आबा चहा करतो. वाक्य आमच्या रविवारच्या वाक्यांसारखेच होते, पण त्यात आबा होता, आणि आबाला ‘स’ होता. तो शब्द आपला. त्याला ते शेपूट लावायला तिला कोणी शिकवले नव्हते. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

‘‘आबास काय म्हंते हे?’’ बायको दारातून म्हणाली. ‘‘आबा म्हन म्हणून सांगा तिले.’’

‘‘बरोबर हाय तिचं,’’ मी म्हणालो. ‘‘जो करते त्याले स.’’

तेवढ्यात नातीने फोन आईकडे दिला, बिस्किट घेतले आणि माझ्या कपाकडे बोट दाखवून हाक मारली, ‘‘आबा.’’ हाक मारताना तो ‘स’ गळतो, हे आता मलाही कोणी सांगायला नको होते.